भीती न घालणारा लाल

दीनूभाऊंसमोर कोणी नुसतं ‘लाल’ म्हटलं की ते हातातलं काम थांबवत आणि चष्म्यावरून बघत विचारत, "कोणचा लाल जी? मिरचीचा, विटेचा, का पऱ्हाटीच्या फुलाचा?"

पऱ्हाटीचं फूल कुठे लाल असतं, असं मी पहिल्यांदा हसून म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात येताना ते रस्त्याकडेच्या वावरातून दोन फुलं घेऊन आले. एक दुधाळ पिवळट, त्याच सकाळी उमललेलं. दुसरं आदल्या दिवसाचं, मिटत आलेलं, गर्द गुलाबी. "एकाच झाडाचे हायेत," ते म्हणाले, "एका दिवसात एवढा फरक पडते." माझे वडील आयुष्यभर कापूस पेरत आले. मी त्याच वावरात खेळून मोठी झाले. पण पऱ्हाटीचं फूल रंग बदलतं, हे मला वयाच्या पस्तिसाव्या वर्षी एका पेंटरनं दाखवलं.

दीनबंधू रामटेके हे त्यांचं पूर्ण नाव. राहणार कळंब. उंच, किंचित वाकलेले, बोटांच्या पेरांना कायमचा रंग बसलेला. शर्ट मात्र नेहमी एकाच मळकट पांढऱ्या रंगाचा. असे चार शर्ट होते त्यांच्याकडे, आणि चारही सारखे. एकदा आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांच्या वाढदिवसाला निळा चौकड्यांचा शर्ट दिला. त्यांनी तो आनंदानं घेतला, घडी घातली आणि म्हणाले, "घरी घालीन. इथं नाही घालता येत. निळ्या शर्टाची सावली कागदावर पडते अन् पांढरा कागद मले निळा दिसते."

पांढरकवड्याला आमच्या आरोग्य संस्थेचं छोटंसं ऑफिस होतं. झरी जामणीकडच्या पोडांमध्ये, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांमध्ये, आणि आसपासच्या गावांत आम्ही सिकलसेलची तपासणी करायचो. या आजारात रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, आणि माणसाचे सांधे, पोट, छाती असह्य दुखतात. आईबापाकडून येणारा आजार. आमच्या भागात आदिवासींत आहे, बौद्धांत आहे, इतरांतही सापडतो. तपासणीचा निकाल घरच्यांना समजावून सांगायचा, हे माझं काम. भिंतीवरचे तक्ते, पोस्टरं, कार्डं तयार करायला माणूस हवा होता, म्हणून दीनूभाऊ आले. आधी ते एका विनाअनुदानित शाळेत चित्रकला शिकवत. पगाराची वाट बघून थकले, तेव्हा लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पाट्या करू लागले.

मुलाखतीला त्यांना आमच्या मोठ्या डॉक्टरांनी एक काम दिलं. बाईच्या अंगात रक्त कमी असलं की काय होतं, त्याचं पोस्टर करून आणा. चार दिवसांनी ते तीन पोस्टरं घेऊन आले. तिन्हींत एकच चित्र होतं. दाराच्या चौकटीला टेकून बसलेली बाई, एक हात कपाळावर. रेघ न् रेघ तीच. फक्त मागचा रंग वेगळा. एकाला लाल, एकाला राखाडी निळा, एकाला फिकट पिवळा.

डॉक्टर म्हणाले, "एकच मागितलं होतं."

"एकच हाये सर. कोणचं, ते बाया सांगतील."

त्या दिवशी तपासणीला बऱ्याच बाया आल्या होत्या. दीनूभाऊंनी ओसरीत दोरी बांधून तिन्ही पोस्टरं टांगली आणि स्वतः लांब, पाण्याच्या माठाशी जाऊन बसले. दुपारपर्यंत ते नुसते बघत होते. लाल पोस्टराखाली कोणी बसेना. एका म्हातारीनं ते बराच वेळ न्याहाळलं आणि मला विचारलं, "हिले नवऱ्यानं मारलं का वं बाई?" निळ्यासमोर एक पोरगी थांबली आणि आईला म्हणाली, "ही मेली वाटते." पिवळ्याखाली मात्र बाया टेकल्या, गप्पा मारू लागल्या. त्यांतली एक चित्राकडे बोट करून म्हणाली, "माह्यं बी असंच होते. वावरात निंदाले गेली का संध्याकाळी असीच बसतो मी."

दीनूभाऊ उठून आले, पहिली दोन पोस्टरं काढून गुंडाळली. "बाई तेच हाये सर," ते डॉक्टरांना म्हणाले. "रेघ सांगते का काय झालं. पण भ्यायचं का रडायचं का जवळ बसायचं, हे रंग सांगते."

त्यांना नोकरी मिळाली.

त्यांचं बोलणं कमी आणि बघणं जास्त. छपाईचा नमुना आला की ट्यूबलाइटखाली ते त्याकडे ढुंकूनही पाहत नसत. अंगणात नेऊन उन्हात, मग लिंबाच्या सावलीत, मग पुन्हा उन्हात. खिशात एका प्लास्टिकच्या पिशवीत कापडाचे, कागदाचे, गोळ्यांच्या पाकिटांचे तुकडे असत. बसमध्ये शेजारच्या बाईच्या लुगड्याचा रंग आवडला तर ते त्या तुकड्यांमधून तसाच शोधत बसत. जेवताना कधी मजेत आले तर कळंबच्या दिवसांतल्या गोष्टी सांगत. एका माणसानं खानावळ काढली आणि हट्टानं निळी पाटी करून घेतली, कारण त्याला निळा आवडायचा. महिनाभर गिऱ्हाईक नाही. "मी त्याले म्हटलं, भाऊ, निळ्या पाटीवर भाकर शिळी दिसते. तो आयकेना. मंग एक दिवस तो गावाले गेलता, तं मी पाटी लाल-पिवळी करून टाकली." मालक आल्यावर आधी भांडला, मग त्यानंच महिनाभर यांना फुकट जेवू घातलं. ही गोष्ट सांगताना ते स्वतःच इतके हसत की ठसका लागे. दीनूभाऊंना मी खळखळून हसताना पाहिलं ते त्याच दिवसांत.

भांडण झालं ते कार्डावरून.

ज्याला सिकलसेलचा आजार आहे त्याला आमची संस्था लाल कार्ड देई. ज्याच्या रक्तात तो नुसता आहे, त्रास नाही, त्याला पिवळं. डॉक्टरांचं म्हणणं सरळ होतं. दुखणं उठलेलं पोर कुठल्याही दवाखान्यात गेलं तरी लाल कार्ड दिसताच समोरच्याला क्षणात कळलं पाहिजे. दीनूभाऊंनी ते कार्ड हातात घेतलं आणि म्हणाले, "सर, हा लाल कंपाउंडरसाठी चांगला हाये. पण कार्ड ठेवावं लागते पोरीले."

त्यांचं खरं होतं. मी गावोगाव तेच बघत होते. बाया लाल कार्ड धान्याच्या कोठीत खुपसून ठेवत. एका पोरीची सोयरीक कार्ड दिसलं म्हणून मोडली. एका बापानं माझ्यादेखत ते चुलीत घातलं. म्हणाला, "पोरीच्या कपाळावर लिहून देता का?" डॉक्टरांनी ऐकून घेतलं, पण नियम बदलला नाही. तेही चुकीचे नव्हते. कार्ड नसल्यानं उशीर झालेली पोरं त्यांनी पाहिली होती.

मग दीनूभाऊंनी आपल्या मनानं एक काम सुरू केलं. जाड कागदाची पाकिटं कापायची, त्यांना तुरीच्या कोवळ्या पाल्यासारखा हिरवा रंग द्यायचा, वर बारीक पांढरी वेल काढायची, आणि प्रत्येक लाल कार्ड त्या पाकिटात घालून द्यायचं. सुट्टीच्या दिवशी, जेवणाच्या वेळेत, हातानं. कोणाला दिलं ते एका वहीत लिहून ठेवायचे. दोन-तीन महिन्यांत फरक दिसला. पोरी ते कार्ड शाळेच्या दप्तरात ठेवू लागल्या. आधारकार्ड, बँकेचं पुस्तक आणि हे हिरवं पाकीट एका पिशवीत राहू लागलं. डॉक्टरांनी एकदा पाकीट उघडून पाहिलं, मिटलं, आणि होतं तिथं परत ठेवलं.

एवढं ते का करतात, हे मला कळंबला त्यांच्या घरी गेले तेव्हा कळलं.

एका शनिवारी यवतमाळहून परतताना मी वाट वाकडी करून त्यांच्याकडे थांबले. दोन खोल्यांचं घर. समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली पुस्तकांची फळी. त्यांची बायको कमलताई अंगणवाडीत मदतनीस. आणि समता, त्यांची एकुलती एक मुलगी, यवतमाळला वसतिगृहात राहून बी.ए.ला शिकणारी. किरकोळ, बोलकी, बापासारखी लांब बोटं. ती पाण्याचा पेला घेऊन आली आणि तिच्या डोळ्यांकडे बघताच मला कळलं. डोळ्यांच्या पांढऱ्यात ती ओळखीची पिवळसर झाक होती. इतकी वर्षं मी लोकांना या आजाराची हीच तर खूण सांगत होते.

तिनंही ओळखलं. "तुमाले समजलं नं मावशी?" ती हसून म्हणाली. "मी घरी असली का बाबा तं रोज सकाळी डोळे पाह्यते माहे. डॉक्टरपेक्षा त्यांचंच खरं निघते. एकदा म्हणे हळदीचं बोट बुडवलेलं पाणी, म्हणजे ठीक. मंग एकदा म्हणे जुन्या कागदासारखे, तं शाम होयेस्तोवर गुडघे धरले माहे."

दीनूभाऊ मला सोडायला बस स्टँडवर आले तेव्हा चालता चालता म्हणाले, "माह्यं पिवळं कार्ड हाये ताई. कमलचं बी पिवळं. लग्नाच्या टायमाले कोणाले माहीत होतं?" थोडं पुढे गेल्यावर थांबले. "पिवळ्यात पिवळा मिसळला तं लाल होत नाही जी. कोणच्याच पेटीत नाही होत. आमच्या घरी झाला."

त्यानंतर समता कधी कधी मला फोन करी. औषध, पाणी किती प्यायचं, थंडीत काय करायचं, असं काहीबाही विचारायची. एकदा बोलता बोलता म्हणाली की खोलीतल्या मैत्रिणींना तिनं आजाराचं सांगितलेलं नाही. मी म्हटलं, एकीला तरी सांगून ठेव. ती म्हणाली, "सांगीन. पण सांगितलं का त्या मले बादली उचलू देणार नाहीत मावशी. मंग मी त्यांच्यातली नाही राह्यत." आणि मग, "बाबाले नका सांगू." मी सांगितलं नाही.

थंडी सरता सरता एका दुपारी ऑफिसात दीनूभाऊंचा फोन वाजला. ते लिंबाखाली एक नमुना बघत होते. फोन कानाला लावला, आणि तो कागद हातातून कसा खाली गेला तेही त्यांना समजलं नाही.

झालं ते असं. सकाळी समताच्या छातीत दुखू लागलं. मैत्रिणींना वाटलं, रात्रीचं जेवण बाधलं. तिला बोलता येईना तेव्हा त्यांनी तिला जवळच्या एका दवाखान्यात नेलं. तिथं विचारलं, आधीचा काही आजार? पोरी म्हणाल्या, नाही. कार्ड तिच्या पर्समध्ये होतं. एका मैत्रिणीनं पर्स उघडलीही होती, घरचा नंबर शोधायला. हिरवं, वेल काढलेलं पाकीट तिनं हातात घेतलं, बँकेचं पुस्तक असेल असं समजून बाजूला ठेवलं. तिथून मोठ्या दवाखान्यात हलवेपर्यंत दुपार झाली. आम्ही जीपनं पोचलो तेव्हा समता गेलेली होती.

ती मैत्रीण भिंतीशी उभी राहून रडत होती. तिच्या हातात ती पर्स तशीच होती. दीनूभाऊंनी पर्स घेतली, पाकीट काढलं, आतलं लाल कार्ड अर्धं बाहेर ओढलं, पुन्हा आत सरकवलं. त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुह्यी काही चूक नाही माय. ते दिसू नये म्हणूनच मी केलतं."

 मी त्या पोरीला बाकावर नेऊन बसवलं.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आमचं सगळं ऑफिस कळंबला गेलं. घरासमोर पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसली होती. वस्तीतली पोरं समताच्या फोटोचं मोठं बॅनर करायचं म्हणून विचारायला आली. "काका, मागं रंग कोणचा टाकू?" सवयीनंच विचारलं असेल त्यांनी, गावातले लोक इतकी वर्षं त्यांनाच विचारत आले होते. दीनूभाऊ त्यांच्याकडे बघत राहिले. मग कमलताईच म्हणाल्या, "काही नका टाकू रे. फोटोच लावा."

मोठे डॉक्टर त्यांच्याजवळ जाऊन बसले. हळू आवाजात म्हणाले, "रामटेके, मी कागद पाहिले. फुफ्फुसातच अडकलं होतं. वेळेवर कळलं असतं तरी वाचलीच असती, असं सांगता आलं नसतं."

"पण कळलं तं असतं सर," दीनूभाऊ म्हणाले.

 ती भली माणसं होती दोघंही, आणि त्या दिवशी दोघांनाही आपलंच चुकलं असं वाटत होतं.

तीन आठवड्यांनी दीनूभाऊ कामावर आले. टेबलाशी बसले नाहीत. ती नावांची वही काढली आणि मला म्हणाले, "ताई, जीप पाह्यजे. सगळे पाकिटं वापस आणतो."

मी त्यांच्यासोबत गेले. झरी जामणीकडचा रस्ता, दोन्हीकडे सागाचं रान, पानगळीनं उघडं पडलेलं. एका नाल्याजवळ गाडी गरम झाली म्हणून ड्रायव्हर पाणी आणायला उतरला, तेव्हा मी त्यांना सांगून टाकलं. समतानं मैत्रिणींना सांगितलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मी ते त्यांना कळवायला हवं होतं.

 मी वाट बघत होते की ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मले बी माहीत होतं," ते म्हणाले. "बापाले समजते जी. तिले कार्डाची लाज नोहती. तिले कोणाची कीव नको होती. म्हणून तं मी तिच्या पाकिटावर सगळ्यात सुंदर वेल काढली. सुंदर असलं का कोणी इचारत नाही, हे काय हाये म्हणून."  ड्रायव्हर आला, आम्ही निघालो.

पहिल्या पोडात आम्ही लक्ष्मीबाई नावाच्या बाईच्या घरी गेलो. तिची मुलगी सुनीता, चौदा-पंधरा वर्षांची, आमची जुनी पेशंट. दीनूभाऊंनी अंगणात उकिडवं बसून सगळं खरं सांगितलं. मुलगी गेली, पाकिटामुळे कार्ड कोणाला कळलं नाही, म्हणून पाकीट परत द्या. बोलताना त्यांचा आवाज सपाट होता, जणू दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगताहेत.

लक्ष्मीबाई ऐकून आत गेली. बाहेर आली ती पाण्याचा तांब्या घेऊन. त्यांच्यापुढे ठेवला. मग म्हणाली, "भाऊ, तुमची पोरगी गेली, लय वाईट झालं. पण पाकीट नाही देत मी."

"काहून?"

"लाल होतं तवा हे कार्ड कोठीत राहे. दोन डाव पोरीचं दुखलं तं घाईत सापडलंच नाही. आता थे थैलीत घेऊन हिंडते. शाळेत नेते, बाजारात नेते. तुमी पाकीट नेलं का थे पुन्हा कोठीत जाते. मंग माह्या पोरीचं काय?"

सुनीता आईच्या मागे उभी होती, पाकीट छातीशी धरून.

  दीनूभाऊंनी पोरीला विचारलं, "बेटा, कात्री हाये का घरात?" सुनीतानं कात्री आणून दिली, पण पाकीट देईना. "फाडत नाही," ते म्हणाले, "जरासंक कापतो. तू धर, मी कापतो." तिनं दोन्ही हातांनी पाकीट धरलं आणि त्यांनी वरच्या कोपऱ्यात अंगठ्याच्या नखाएवढा गोल कापला. आतलं लाल त्यातून दिसू लागलं. मग खिशातला काळा पेन काढून त्या गोलाखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘सिकलसेल. लवकर दाखवा.’ पाकीट थोडं लांब धरून पाहिलं.

"आता कसं वाटते?" त्यांनी लक्ष्मीबाईला विचारलं.

तिनं मान वाकडी करून बघितलं. "टिकलीवाणी दिसते," ती म्हणाली. "राहू द्या. चालते."

वहीतल्या एकेका नावासमोर खूण होत गेली. काही घरी पाकीट हरवलेलं होतं, एका घरी ते मुलानं खेळायला घेतलं होतं. एका घरची मुलगी आम्ही जायच्या आधीच सासरी गेली होती. तिच्या सासरच्या गावीही ते एकटेच बसनं जाऊन आले. सगळीकडे तीच गोष्ट सांगायची, तसंच उकिडवं बसून. मी एकदा म्हटलं, पोरीचं नका सांगू प्रत्येक ठिकाणी, नुसतं भोक पाडून या. ते म्हणाले, "नाही सांगितलं तं लोक पट्टी लावून बंद करतील जी. लोकाइले कारण सांगावं लागते."

पुढच्या छपाईच्या वेळी मोठ्या डॉक्टरांनी स्वतःहून त्यांना बोलावलं. नवं कार्ड आतून बाहेरून सायीच्या रंगाचं ठरलं, कोपऱ्यात एक लाल गोल, शेजारी ठळक अक्षरं. कार्डाचा आकार, अक्षरं, कागद, सगळं दोन दिवसांत झालं. अडलं ते लालवर. छापखान्यातून नमुना यायचा, दीनूभाऊ तो अंगणात न्यायचे आणि परत पाठवायचे. हा फार काळपट, रक्त वाळल्यासारखा. हा फार केशरी, लग्नाच्या पत्रिकेवरचा. हा ठीक, पण सावलीत मरतो, आणि दवाखान्यात सावलीच असते. छापखानेवाला वैतागला. डॉक्टर मात्र एकदाही ‘आटपा’ म्हणाले नाहीत.

शेवटी एका सकाळी ते एक नमुना घेऊन माझ्या टेबलाशी आले. तो समोर ठेवला आणि हात मागे घेतला.

"ताई, हा लाल पाहून काय वाटते तुमाले? विचार नका करू. सांगा."

"घाई," मी म्हटलं. "काहीतरी लगेच करायला हवं, असं वाटतं."

"भीती?"

मी पुन्हा पाहिलं. "नाही. भीती नाही वाटत."

"मंग हाच," ते म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले. चष्मा काढून टेबलावर ठेवला. डोळे पुसले नाहीत, तसेच बसून राहिले. ते कार्ड आजही आमची संस्था वापरते. पोरी ते बाळगतात. मला त्याच्या कोपऱ्याकडे बघितल्याशिवाय ते कोणाच्या हातात देता येत नाही.

कार्डं छापून आली त्याच महिन्यात दीनूभाऊंनी राजीनामा दिला. कारण विचारलं तर म्हणाले, "कमल एकटी राह्यते घरी." निरोपाला आम्ही चहा केला. भाषण वगैरे काही झालं नाही. जाताना खिशातली तुकड्यांची पिशवी आमच्या नव्या मुलीला, जी पुढे तक्ते करणार होती, देऊन गेले. मी म्हटलं, तुम्हाला लागेल. ते म्हणाले, "नाही लागत आता."

फोनवर ते कधी फार बोलत नसत. वर्षभरानं मला चिंतामणीच्या दर्शनाला जाणाऱ्या काही नातेवाइकांसोबत कळंबला जायचा योग आला. ती मंडळी देवळाच्या पायऱ्या उतरून गेली आणि मी दीनूभाऊंच्या वस्तीकडे वळले.

दार उघडंच होतं. आतली खोली, समताची, रिकामी केलेली. पुस्तकं, कपड्यांची पेटी, टेबल, सगळं अंगणात चादरीखाली. भिंती खरवडून ठेवलेल्या. जुना गुलाबी रंग काही ठिकाणी शिल्लक, बाकी नुसतं प्लास्टर. कमलताई मला धरून आत घेऊन गेल्या.

"तीन महिने झाले," त्या म्हणाल्या. "खरवडली अन् सोडून देल्ली. मी म्हणतो, रंग सांगा, मी आणतो. साऱ्या गावाले रंग सांगतले या माणसानं, घरच्या खोलीले सांगत नाही. पुढच्या महिन्यात माही भाची येते शिकाले, तिले कुठं ठेवू?"

दीनूभाऊ दारात उभे होते. अंगात तो आम्ही दिलेला निळा चौकड्यांचा शर्ट. केस पांढरे झाले होते. माझ्याकडे बघून हसले, ऑफिसातल्या सगळ्यांची नावं घेऊन चौकशी केली. भिंतीकडे त्यांनी पाहिलं नाही.

चहा झाला. मी निघायला उठले तेव्हा कमलताईंनी परसातून एक बादली आणली. तिच्यात भिजवलेला चुना होता. त्यांनी पदर खोचला, शिडी भिंतीला लावली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "आज मीच लावतो. कसा दिसन तसा दिसन."

मी फाटकापाशी चपला घालत होते. आतलं सगळं दारातून दिसत होतं. कमलताई शिडीवर चढल्या, ब्रश बुडवला आणि छताजवळ पहिला पट्टा मारला. चुना ओला असताना तसाही नीट दिसत नाही. त्यांनी वरूनच विचारलं, "कसा वाटते हो?"

दीनूभाऊ पुढे झाले. त्यांनी दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली.

"तू सांग," ते म्हणाले. "मी धरून हाओ."

त्यांची नजर खाली होती, तिच्या पायांवर, आणि पायाखालच्या पायरीवर. वरून चुन्याचे थेंब त्यांच्या निळ्या शर्टावर पडत होते, आणि ते हलले नाहीत.